उरलेल्या क्लोरीनची नोंद

कॅनडातल्या ऑन्टॅरिओ प्रांतात वॉकर्टन नावाचं एक लहान गाव आहे. टोरंटोच्या वायव्येला, शेती आणि गुराढोरांच्या मुलखात वसलेलं. २००० साली त्याची वस्ती होती सुमारे ४,८००. त्या वर्षी ८ ते १२ मे या पाच दिवसांत तिथे १३४ मिलिमीटर पाऊस पडला. कोकणात एवढा पाऊस एका दिवसात होऊन जातो, पण वॉकर्टनच्या जमिनीला तो मानवला नाही. १२ मेच्या सुमारास गावाच्या पाच नंबरच्या विहिरीत शेणातले जंतू उतरले आणि तिथून नळांवाटे घराघरांत पोचले. २,३०० लोक आजारी पडले. हा आकडा गावाच्या वस्तीच्या निम्म्याला येऊन भिडतो. सात जण दगावले.

देश श्रीमंत, पाणी मुबलक, नळाला चोवीस तास दाब, क्लोरीन सोडायची यंत्रं बसवलेली आणि नमुने तपासायला प्रयोगशाळा हाताशी. इतकं सगळं असून हे घडलं. न्यायमूर्ती डेनिस ओ'कॉनर यांनी त्याची चौकशी केली आणि २००२ मध्ये दोन भागांत अहवाल दिला. सार्वजनिक पाणीपुरवठा नेमका कुठे आणि कसा ढासळतो, हे इतक्या बारकाईने सांगणारे कागद जगात फार थोडे असतील. ते वाचताना मन पुन्हापुन्हा एका अगदी साध्या कामापाशी येऊन थांबतं. ते काम आपल्या प्रत्येक ग्रामपंचायतीत आणि नगरपालिकेतही रोज व्हायला हवं असतं.

आधी ती विहीर. ती १९७८ मध्ये खणली. पाणी लागलं ते अवघ्या पाच ते आठ मीटरांवर, भेगाळलेल्या चुनखडकात. वर मातीचा थर पातळ. जाड मातीतून झिरपताना पाणी गाळलं जातं, जंतू वाटेत अडकतात आणि मरतात. भेगांमधून उतरणाऱ्या पाण्याला ही गाळणी मिळत नाही. वर पडलेलं काही तासांत खाली पोचतं. विहिरीजवळ गुरांचा एक गोठा होता आणि तिथल्या शेतात एप्रिलच्या अखेरीस शेणखत पसरलेलं होतं. त्या शेतकऱ्याने सगळं नियमांना धरून केलं होतं आणि चौकशीत त्याच्यावर कसलाही ठपका आला नाही. मला हे महत्त्वाचं वाटतं. साथ आली की आपण पहिल्यांदा घाण कोणाची, ते शोधायला धावतो. पण शेण शेतातच असणार, मैला गटारातच असणार आणि पाऊस पडणारच. पाणीपुरवठा या तिन्ही गोष्टी धरूनच आखायचा असतो. ही विहीर उथळ आहे, तिच्यावर पृष्ठभागाच्या पाण्याचा परिणाम होतो, हे ती खणली तेव्हाच्या चाचण्यांमध्येच दिसलं होतं. आजूबाजूची जमीन घेऊन मोकळी ठेवावी, अशी सूचनाही तेव्हा झाली होती. जमीन काही घेतली गेली नाही.

विहिरीत उतरलेले जंतू दोन जातींचे होते. पहिला ई. कोलाय ओ१५७:एच७. ई. कोलाय हे नाव ऐकूनच घाबरायचं कारण नाही. थिओडोर एशेरिश या बालरोगतज्ज्ञाने १८८५ मध्ये लहान मुलांच्या विष्ठेतून हा जंतू वेगळा काढला, आणि त्याचे बहुतेक प्रकार आपल्या आतड्यात जन्मभर निरुपद्रवीपणे राहतात. माणसाच्या आणि जनावरांच्या विष्ठेत तो अमाप असतो आणि बाहेरच्या पाण्यात फार काळ टिकत नाही. त्यामुळे पाण्यात ई. कोलाय सापडला, याचा अर्थ अगदी अलीकडेच कुठूनतरी विष्ठा मिसळली आहे, इतका सरळ असतो. तपासणीत तो शोधतात तो या साक्षीसाठी. टायफॉइड, कॉलरा, कावीळ यांचे जंतू आणि विषाणू एकेक करून शोधत बसणं परवडत नाही, ई. कोलाय असेल तर त्यांची वाट मोकळी आहे, असं धरून चालायचं. भारतीय मानकाप्रमाणे पिण्याच्या पाण्याच्या १०० मिलिलिटर नमुन्यात तो एकही चालत नाही.

ओ१५७:एच७ हा मात्र या कुळातला घातकी भाऊ. अमेरिकेत १९८२ मध्ये नीट न शिजलेल्या मांसाच्या हॅम्बर्गरमुळे साथ आली, तेव्हा तो पहिल्यांदा ओळखला गेला. गुरांच्या आतड्यात तो असतो, पण गुरं आजारी पडत नाहीत, त्यामुळे गोठा पाहून काही कळत नाही. माणसाला शंभराच्या आत जंतूही पुरतात. तीन-चार दिवसांनी पोटात मुरडा येतो, मग जुलाब, मग जुलाबातून रक्त. बहुतेकजण आठवडाभरात बरे होतात. काहींच्या, विशेषतः पाच वर्षांखालच्या मुलांच्या, रक्तात या जंतूचं विष उतरतं आणि मूत्रपिंडातल्या बारीक रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तराला इजा करतं. तिथे गुठळ्या धरतात, त्यातून वाट काढताना तांबड्या पेशी फाटतात, लघवी बंद होत जाते. वॉकर्टनमध्ये २७ जणांची मूत्रपिंडं अशी बिघडली, आणि त्यात मुलंच बरीच होती. रक्ती जुलाबांत घरच्या घरी जुलाब थांबवायची गोळी किंवा उरलेलं प्रतिजैविक घेऊ नये, असं डॉक्टर बजावतात ते याच भीतीने. गोळीने विष आतच कोंडून राहतं, आणि काही औषधांनी जंतू मरताना ते आणखी सुटू शकतं.

दुसरा जंतू कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी. त्याच्याकडे पुढे वळावं लागेलच, कारण तो पुण्याच्या सिंहगड रस्त्यावरही सापडला.

आता क्लोरीन. पाण्यात क्लोरीन मिसळला की हायपोक्लोरस आम्ल तयार होतं. त्याच्या रेणूवर विद्युतभार नसल्याने ते जंतूच्या भिंतीतून सहज आत शिरतं आणि आतली यंत्रणा मोडून टाकतं. पण ते फक्त जंतूंवरच खर्च होत नाही. पाण्यातली माती, शेवाळ, लोह, अमोनिया, कुजलेला पाला, शेण हे सगळं त्याला खातं. पाणी जितकं घाण तितका हा खर्च मोठा. म्हणून किती क्लोरीन टाकला, या आकड्याला स्वतंत्र अर्थ नाही. अर्थ आहे तो अर्ध्या तासाने, घाणीने खाऊन झाल्यावर, किती उरला याला. उरलेला क्लोरीन दोन गोष्टी सांगतो. आतापर्यंत जी घाण आत आली होती, तिला क्लोरीन पुरून उरला. आणि पुढे नळापर्यंतच्या वाटेत आणखी काही शिरलं, तर त्याच्याशी झगडायला थोडं बळ शिल्लक आहे. आपल्या मानकात ही शिल्लक लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम असावी असं म्हटलं आहे. ऑन्टॅरिओत पंधरा मिनिटांच्या संपर्कानंतर ०.५ मिलिग्रॅम राखायचा दंडक होता.

या शिल्लक क्लोरीनचं खरं मोल कळण्यासाठी प्रयोगशाळेचं घड्याळ लक्षात घ्यावं लागतं. पाण्यातले जंतू डोळ्यांना किंवा साध्या सूक्ष्मदर्शकाला मोजता येत नाहीत. त्यांना खाऊ घालून, ऊब देऊन वाढवावं लागतं. त्याला १८ ते ४८ तास लागतात. ग्वाल्हेरच्या संरक्षण संशोधन संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी १९८२ मध्ये काढलेली एचटूएस बाटली गावोगाव वापरली जाते. पाणी भरून ठेवलं आणि ते काळं पडलं, तर दूषित. फार उपयोगी साधन आहे, पण काळं पडायला तिलाही तेवढाच वेळ लागतो. त्यात नमुना पाठवण्याचा एक दिवस आणि निकाल कळवण्याचा एक दिवस धरा. बाटली काळी पडेपर्यंत तेच पाणी दोन वेळा गावात सोडून, पिऊन झालेलं असतं. शिल्लक क्लोरीनची चाचणी मात्र एका मिनिटात होते. पाण्यात औषधाचे थेंब टाकायचे, रंग पट्टीशी ताडून पाहायचा. जंतूंची चाचणी काल काय झालं ते सांगते. आज, आत्ता पाणी सोडावं की नाही, ते क्लोरीनची चाचणी सांगते. काल ०.५ असलेला आकडा आज अचानक शून्यावर आला, तर पाण्यात काहीतरी भयंकर शिरलं आहे, एवढं त्या क्षणी कळतं.

वॉकर्टनमध्ये हे रोज मोजायचं होतं. मोजलं जात नव्हतं. नोंदवही मात्र रोज भरली जात होती. त्यात बहुतेक दिवशी ०.५ किंवा ०.७५ असे नीटस आकडे होते, आणि ते मनाने लिहिलेले होते. पाणीपुरवठ्याचा व्यवस्थापक आणि तिथेच काम करणारा त्याचा भाऊ यांनी नमुन्यांच्या बाटल्यांवरही खोटे पत्ते घातले होते: पाणी भरायचं एका सोयीच्या नळावर आणि चिठ्ठी लावायची दुसऱ्या ठिकाणची. क्लोरीनही ठरल्यापेक्षा कमी सोडायची रीत होती. सात नंबरच्या विहिरीचं पाणी तर त्या मे महिन्यात कित्येक दिवस क्लोरीनशिवायच गावात जात होतं.

ही माणसं गावाचं वाईट व्हावं म्हणून असं करत नव्हती. विहिरीचं कच्चं पाणी ती स्वतः पीत होती आणि ते उत्तम आहे, असा त्यांचा मनापासून विश्वास होता. पाण्याला क्लोरीनचा वास येतो, म्हणून गावकरीही कुरकुर करायचे. दोघांनाही परवाना मिळाला होता तो नुसत्या अनुभवावर. परीक्षा कधी द्यावी लागली नव्हती. ई. कोलाय पोटात गेला तर काय होतं, हे त्यांना पुरतं ठाऊकच नव्हतं. अहवालातला हा भाग मला सगळ्यात जास्त अस्वस्थ करतो. वर्षानुवर्षं क्लोरीन कमी घातला, आकडे मनाने लिहिले आणि काहीच झालं नाही. काही न होण्याने ती सवय पक्की केली.

पुढचे दिवस तारखांनिशी पाहायला हवेत. १५ मेला नमुने घेतले. १७ तारखेला खासगी प्रयोगशाळेने व्यवस्थापकाला कळवलं की पाण्यात ई. कोलाय आहे. १९९६ मध्ये प्रांताच्या सरकारने अशा तपासण्या करणाऱ्या आपल्या प्रयोगशाळा बंद केल्या होत्या. वाईट निकाल आरोग्य खात्यालाही कळवलाच पाहिजे, असं बंधन खासगी प्रयोगशाळांवर घालायचं राहून गेलं होतं. निकाल एकाच माणसापाशी पोचला आणि तिथेच थांबला. १८ मेला ओवेन साउंड या शहरातल्या रुग्णालयात वॉकर्टनची दोन मुलं रक्ती जुलाबांनी दाखल झाली. तिथल्या बालरोगतज्ज्ञ डॉ. क्रिस्टन हॅलेट यांना शंका आली आणि त्यांनी १९ तारखेला आरोग्य विभागाला फोन केला. १२ तारखेला जंतू आत, तीन-चार दिवस पोटात वाढ, मग आजार, मग रुग्णालय. हिशेब तंतोतंत जुळतो. विभागाने पाणीपुरवठ्याकडे चौकशी केली. पाणी ठीक आहे, असं उत्तर मिळालं. दुसऱ्या दिवशीही तेच. दरम्यान, व्यवस्थापकाने गुपचूप क्लोरीन वाढवून नळ धुवायला सुरुवात केली होती.

२१ मे, रविवार. वैद्यकीय अधिकारी डॉ. मरे मॅक्विग यांच्या आरोग्य विभागाने कोणाच्याही निकालाची वाट न पाहता पाणी उकळून पिण्याचा इशारा दिला. त्यांनी स्वतः घेतलेल्या नमुन्यांचा निकाल २३ तारखेला आला. तोवर पहिला मृत्यू झाला होता. १९ मेलाच खरं सांगितलं असतं तर ३०० ते ४०० लोक आजारी पडायचे वाचले असते, असा अंदाज चौकशीत मांडला गेला. आणि त्या विहिरीवर शिल्लक क्लोरीन आणि गढूळपणा सतत मोजणारं, आकडा घसरताच पंप बंद करणारं यंत्र असतं, तर ही साथ आलीच नसती, असा ओ'कॉनर यांचा स्पष्ट निष्कर्ष आहे. यंत्र नसतं आणि माणसाने रोज प्रामाणिकपणे मोजलं असतं, तरी तिचा पसारा पुष्कळ कमी झाला असता.

इशारा मागे घ्यायला डिसेंबर उजाडला. २००४ मध्ये दोघा भावांना शिक्षा झाली. ऑन्टॅरिओने नवा कायदा केला, प्रयोगशाळांवर तत्काळ कळवण्याची सक्ती आणली, चालकांना प्रशिक्षण अनिवार्य केलं, आणि त्याचं केंद्र वॉकर्टनमध्येच उभारलं.

आता आपल्याकडे येऊ. आपल्या गावात यंत्राऐवजी बहुधा टीसीएल म्हणजे ब्लीचिंग पावडर असते, बादलीत कालवून टाकीत ओतायची. चांगल्या, ताज्या टीसीएलमध्ये क्लोरीन सुमारे ३३ टक्के असतो. पोतं उघडं राहिलं, ओल लागली, ऊन लागलं की तो उडत जातो. २० टक्क्यांखाली गेलेली पावडर निकामी समजतात. दिसायला मात्र ती तशीच पांढरी असते. तीच मोजून मापून घातली, तरी पाण्यात पुरेसा क्लोरीन उतरत नाही. शिल्लक किती, हे पाहायला ओटी टेस्ट असते: थेंब टाकल्यावर पाणी पिवळं झालं, तर क्लोरीन आहे. हे काम गावात करतो पाणीपुरवठा कर्मचारी, कुठे शिपाई, कुठे जलसुरक्षक. तुटपुंज्या मानधनावर राबणाऱ्या या माणसाच्या हातात सगळ्या गावाचं आरोग्य असतं. त्याला लोक काय सांगतात? पावडर कमी टाक, वास येतो, चहा बिघडतो. वॉकर्टनच्या लोकांचीही तक्रार हीच होती. टाकीपासून सगळ्यात लांबच्या नळाला क्लोरीनचा हलका वास येणं हे क्लोरीन तिथवर उरल्याचं घरबसल्या मिळणारं चिन्ह आहे, हे आपण शाळेत मुलांना शिकवायला हवं.

आपली एक अडचण मात्र वॉकर्टनला नव्हती. तिथे जलवाहिन्या सदैव भरलेल्या होत्या. भरलेल्या, दाबाखालच्या पाइपाला भोक पडलं तर पाणी बाहेर जातं, घाण आत येत नाही. आपल्याकडे पाणी तास-दोन तास येतं, काही शहरांत दिवसाआड, काही ठिकाणी आठवड्याने. व्हॉल्व्ह बंद झाला की पाइप रिकामा होतो, दाब उरत नाही. जवळून गटार वाहत असेल, तर फुटक्या सांध्यातून सांडपाणी आत झिरपतं. पाणी आलं की घरोघरी नळालाच मोटर लावली जाते, आणि ती पाइपातून पाणी ओढता ओढता शेजारची घाणही ओढून घेते. कर्नाटकातल्या हुबळी-धारवाडमध्ये काही भागांत चोवीस तास पाणी सुरू झालं, तेव्हा संशोधकांनी दोन्ही प्रकारचे नळ वर्षभर ताडून पाहिले. ठरावीक वेळी पाणी येणाऱ्या नळांच्या सुमारे एक-तृतीयांश नमुन्यांत ई. कोलाय सापडला, चोवीस तासांच्या भागात शंभरात एका नमुन्यातही नाही. पाणी गावाचं तेच होतं, फरक दाबाचा. पाणी आल्याबरोबर पहिली काही मिनिटं ते सर्वांत दूषित असतं, हेही त्यात दिसलं. ती पहिली धार पिण्याच्या हंड्यात धरू नये. पाणीटंचाईत हे सांगणं जड जातं, पण ते पाणी झाडांना, धुण्याला, अंगणाला वापरता येतं.

जानेवारी २०२५ मध्ये पुण्यात सिंहगड रस्ता, नांदेड, किरकटवाडी, धायरी या भागांत गिलन बॅरे सिंड्रोमचे रुग्ण एकाएकी वाढले. संशयित रुग्णांची संख्या दोनशेच्या वर गेली. आधी जुलाब, मग आठ-पंधरा दिवसांनी पायांत मुंग्या, मग पाय उचलेनात, काहींचा श्वासही यंत्रावर. राष्ट्रीय विषाणूविज्ञान संस्थेत काही रुग्णांच्या शौचाच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी सापडला, तोच वॉकर्टनचा दुसरा जंतू. या जंतूच्या बाहेरच्या आवरणावरच्या शर्करा आपल्या मज्जातंतूंवरच्या शर्करांशी हुबेहूब मिळतात. शरीर जंतूविरुद्ध प्रतिपिंडं तयार करतं, आणि तीच मग आपल्या मज्जातंतूंवर तुटून पडतात. संसर्ग झालेल्यांपैकी हजारात एखाद्यालाच असं होतं. पण त्याचा उलटा अर्थही ध्यानात घ्यावा: लुळे पडलेले दोनशे जण दिसतात, तेव्हा त्यांच्यामागे साध्या जुलाबांचे फार मोठ्या संख्येने रुग्ण होऊन गेलेले असतात, आणि ते कोणाच्याही नोंदीत येत नाहीत. महापालिकेत अलीकडे सामील झालेल्या यातल्या काही गावांना शुद्धीकरण केंद्रात गाळलेलं पाणी मिळत नव्हतं. विहिरीतलं पाणी नुसता क्लोरीन मिसळून दिलं जात होतं. अशा पुरवठ्यात क्लोरीन ही पहिली आणि शेवटची भिंत असते. कॅम्पिलोबॅक्टर क्लोरीनला सहज मरतो, फक्त क्लोरीन नळापर्यंत उरला पाहिजे.

महाराष्ट्रात पाण्याच्या स्रोतांची वर्षातून दोनदा, पावसाळ्याआधी आणि नंतर, पाहणी होते आणि जोखमीप्रमाणे ग्रामपंचायतींना लाल, पिवळं, हिरवं कार्ड मिळतं. पाहणी चांगली आहे, पण वॉकर्टनमधल्या विहिरीत जंतू एका पावसात उतरले. वर्षातले दोन दिवस त्याला पुरे पडत नाहीत. पुरी पडते ती रोजची ओटीची नोंद, आणि ती पाहायचा हक्क गावातल्या कोणालाही आहे. ग्रामसभेत ही नोंदवही मागवावी आणि जून-जुलैची पानं उघडावीत. गढूळ पाणी आलं त्या आठवड्यात आकडा खाली घसरलेला असेल आणि पुढे टीसीएलची मात्रा वाढवल्याचं लिहिलेलं असेल, तर ती नोंद टाकीवर उभं राहून केलेली आहे. साठ दिवस एकच आकडा असेल, तर दुसऱ्या सकाळी पाणी सुटल्यावर गावाच्या शेवटच्या नळापाशी जाऊन चाचणी समोर करून घ्यावी.